स्क्रीनवरचे जांभळे चौकोन

मे महिन्यातली दुपार. नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. आतल्या खोलीतून भाच्याची हाक आली, "मामा, जरा इकडे ये ना." तो ॲनिमेशन शिकतो. महिनाभर खपून त्याने कॉम्प्युटरवर एक जुना वाडा उभा केला होता. आता त्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर, ओसरीवर, तुळशीवृंदावनावर बुद्धिबळाच्या पटासारखे जांभळे-हिरवे चौकोन पसरले होते. आम्ही बघत असतानाच स्क्रीन काळी झाली, दोन सेकंदांनी परत आली आणि प्रोग्राम बंद पडला.

कॉम्प्युटर चौदा महिन्यांपूर्वी जुळवून घेतलेला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड सगळ्यात महाग. बहिणीने भिशीचे पैसे त्यातच घातले होते. वॉरंटी तीन वर्षांची. दुकानदाराला फोन केला तर उत्तर आलं, "ड्रायव्हर नवीन टाका, होईल नीट." ड्रायव्हर टाकून झाला, चौकोन तसेच. पुन्हा फोन केला तर, "मग मुंबईला सर्व्हिस सेंटरला न्या. पण तिथे प्रॉब्लेम दिसला नाही तर कार्ड तसंच परत येईल."

त्या एका वाक्यात या प्रकरणाचा सगळा विषय आला. कार्ड बिघडलंय हे आपल्याला कळणं ही एक गोष्ट, आणि ते समोरच्याला पटणं ही दुसरी. पहिल्या कामाला निरीक्षण लागतं, दुसऱ्याला पुरावा. दोन्ही कामं एकाच वहीत होतात. ती वही कशी लिहायची, ते आता बघू.

कार्डाच्या पोटात काय असतं

ग्राफिक्स कार्ड हा कॉम्प्युटरच्या आत बसवलेला दुसरा छोटा कॉम्प्युटरच आहे. मध्यभागी जीपीयू, म्हणजे चित्राचं गणित करणारा प्रोसेसर. त्याला वेढून बसलेल्या काळ्या चौकोनी चिप्स म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. बाजूला विजेचा विभाग असतो. एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट खाली उतरवून तो जीपीयूला साधारण एक व्होल्टवर वीज पुरवतो. या सगळ्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक, त्यावर पंखे, आणि चिप व हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट.

विजेचा हिशेबही बघून ठेवा. कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं, तो स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याहून जास्त लागली तर एसएमपीएसकडून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. नव्या मोठ्या कार्डांवर आलेला सोळा पिनांचा कनेक्टर ६०० वॉटपर्यंत वीज वाहतो. घरातल्या साध्या मिक्सरइतकी वीज तळहाताएवढ्या जागेत खेळते आणि जवळजवळ सगळीची उष्णता होते.

ही उष्णताच कार्डाची खरी शत्रू. सिलिकॉनची चिप तापली की थोडी फुगते. ती ज्या बोर्डवर बसवलेली असते ते फायबरग्लासचं बोर्ड तिच्या कित्येक पट फुगतं. दोघांना धरून ठेवतात ते सोल्डरचे बारीक मणी. कार्ड तापलं, निवालं, पुन्हा तापलं की दरवेळी हे मणी ताणले जातात. हजारो वेळा ताणल्यावर एखाद्याला केसाएवढी चीर पडते आणि जोड कधी लागतो, कधी सुटतो.

एका मोठ्या कंपनीला याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिप्स नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत. चिपच्या जोडणीत वापरलेलं साहित्य कमकुवत होतं. दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्याआधी हजारो लोकांना आपला लॅपटॉप अचानक काळा का पडतो हे कळत नव्हतं, आणि पुष्कळांना वाटलं असेल की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून कार्ड गेलं की स्वतःला दोष देत बसू नका. वापरणाऱ्याने काहीही चूक न करता कार्डं बिघडतात. वॉरंटी त्यासाठीच असते.

लक्षणं काय बोलतात

भाच्याच्या स्क्रीनवर जे दिसलं त्याला या क्षेत्रातले लोक आर्टिफॅक्ट म्हणतात. म्हणजे चित्रात नसलेली, मशीनने आपल्या मनाने घातलेली रेघ, ठिपका, चौकोन. चित्राचा मजकूर मेमरीच्या सगळ्या चिप्समध्ये ठरावीक क्रमाने वाटून ठेवलेला असतो. एखादी चिप चुकीचं वाचू लागली की ती चूक चित्रात ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटते. म्हणून एकसारखे चौकोन किंवा ठिपक्यांची जाळी दिसली तर पहिला संशय व्हीरॅमवर घ्यावा.

लक्षणं आणखीही आहेत. काम जड झालं की चित्र अडखळतं आणि पंखे जोरात घोंघावतात, तेव्हा कार्ड तापतंय. चौकोन-रेघा काही नाहीत, पण जड काम सुरू होताच अख्खा कॉम्प्युटर खटकन बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो, तेव्हा आधी एसएमपीएस तपासा. स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत येते, तेव्हा विंडोज स्वतः मध्ये पडलेली असते. जीपीयूने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करते. या घटनेची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ या क्रमांकाने होते. नोंदीला तारीख आणि वेळ असते, त्यामुळे तिचा फोटो काढून ठेवावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळं चिन्ह आणि 'कोड ४३' दिसला तर याचा अर्थ असा की उपकरणानेच आपल्यात बिघाड असल्याचं कळवलं, म्हणून विंडोजने ते थांबवलं.

पण लक्षण म्हणजे निदान नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच असं नसतं.

२०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम खेळणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव आला. त्यांच्या स्क्रीनवर संदेश यायचा की ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी कार्डांना दोष दिला, कित्येकांनी ती बदलूनही पाहिली. मूळ दोष मात्र इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये होता. जास्त व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत होते आणि त्यांचं चुकलेलं गणित ग्राफिक्सच्या नावाने बाहेर पडत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मजकुरात कार्डाचं नाव आणि दोष प्रोसेसरचा, असं घडू शकतं. म्हणून कार्डावर बोट ठेवण्याआधी बाकीच्या प्रत्येक भागाला संशयातून मोकळं करावं लागतं.

एका वेळी एकच बदल

भाच्याला मी दोनशे पानी वही आणायला सांगितली. पहिल्या पानावर पाच रकाने आखले: तारीख-वेळ, काय चालू होतं, किती मिनिटांनी बिघडलं, तापमान किती, आज काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, ड्रायव्हर आणि स्लॉट एकदम बदलले आणि बिघाड गेला, तर कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

सुरुवात बाहेरून. मॉनिटरची केबल बदलली, मग मॉनिटरऐवजी घरचा टीव्ही लावला. चौकोन टीव्हीवरही आले. इथे एक सोपी युक्ती आहे. स्क्रीनवर बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो मोबाइलवर पाठवून बघायचा. मोबाइलवरच्या चित्रातही चौकोन असतील, तर ते कॉम्प्युटरच्या आतच तयार झाले. नसतील, तर केबल किंवा मॉनिटर बघा. भाच्याच्या स्क्रीनशॉटमध्ये चौकोन होते.

मग ड्रायव्हर. जुन्यावर नवा टाकल्याने जुन्याचे अवशेष राहतात. म्हणून विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डीडीयू नावाच्या मोफत प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, मग कंपनीच्या साइटवरून नवा घातला. फरक नाही. त्याआधीचा एक जुना घातला. तरीही नाही. कार्डाचा किंवा रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तोही या टप्प्यावर मूळ पदावर आणावा.

मग तापमान. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे प्रोग्राम ते दाखवतात. जड कामात जीपीयूचं तापमान ६५ ते ८५ अंशांमध्ये असणं नेहमीचं. त्यातला सगळ्यात तापलेला बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, दहा-वीस अंशांनी जास्त असतो. ही तफावत तीसच्या पुढे गेली तर पेस्ट वाळली असेल किंवा हीटसिंक नीट टेकत नसेल. आपल्याकडे कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवतात, वर कपडा टाकतात, धूळ वर्षभर साफ करत नाहीत. विदर्भात मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात, तेव्हा कार्डाला गार हवा मिळणार कुठून? भाच्याच्या कार्डाचं तापमान ७४ अंश होतं. उष्णता निर्दोष ठरली.

मग वीज. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. कार्ड काढलं, स्लॉट साफ केला आणि 'टक' असा आवाज होईपर्यंत कार्ड पुन्हा बसवलं. विजेची वायर तशीच पूर्ण आत गेली पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून काही महागड्या कार्डांचे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तपासात निघालेलं एक मोठं कारण कनेक्टर पूर्ण आत न बसणं हेच होतं. वायर बसवल्यावर बोटाने दाबून आणि डोळ्याने बघून खात्री करा.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. तिच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही. भाच्याच्या मित्राकडे तशाच ताकदीचा कॉम्प्युटर होता. त्याचं कार्ड याच्यात घातलं, तीन तास रेंडर, म्हणजे ॲनिमेशनचं अंतिम चित्र तयार करण्याचं काम, चाललं, काही झालं नाही. याचं कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं. वहीतली नोंद अशी आहे: "१७ मे, संध्या. ६.४०. मित्राचा पीसी, माझं कार्ड. रेंडर सुरू. १२व्या मिनिटाला चौकोन. तापमान ७३. व्हिडिओ काढला." त्यावर ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅमची चाचणी लावली. कार्ड गरम झाल्यावर चुकांचा आकडा वाढतच गेला. कार्ड थंड असताना तीच चाचणी मात्र निर्विघ्न पार पडत होती.

ही शेवटची ओळ पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

जे करू नये

बिघडलेलं कार्ड भट्टीत ठेवून भाजलं की चालू होतं, असा एक तोडगा बरीच वर्षं फिरतो आहे. कार्ड कधी कधी चालूही होतं, पण थोडेच दिवस. शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. घरगुती ओव्हनमध्ये जोड खरोखर नव्याने जुळत नाहीत, उष्णतेने चीर तात्पुरती मिटते एवढंच. प्लास्टिकचे भाग आणि कपॅसिटर खराब होतात ते वेगळंच, आणि तापलेल्या बोर्डातून विषारी वाफा निघतात. ज्या ओव्हनमध्ये पोळी-भाजी गरम होते त्यात हे कधीही करू नका. वॉरंटी त्याच क्षणी संपते.

वॉरंटीतलं कार्ड स्वतः उघडूही नका. पेस्ट बदलायचा मोह होतो, पण स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की सर्व्हिस सेंटरला नकाराचं निमित्त मिळतं. कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत. वॉरंटी संपलेल्या कार्डावर त्यांनी ते खुशाल करावं. दाव्याला जाणाऱ्या कार्डावर ओरखडा नको.

वॉरंटीचा दावा

वॉरंटीची तयारी खरेदीच्या दिवशीच सुरू होते. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' हा सौदा करू नका. वाचलेले दोन हजार पुढे तीस हजारांना पडतात. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. खोका आणि आतली चंदेरी पिशवी माळ्यावर जपून ठेवा.

वॉरंटी कधीपासून मोजतात हे कंपनीगणिक बदलतं. काही कंपन्या बिलाची तारीख धरतात, काही सिरियल नंबरवरून निर्मितीची तारीख काढतात. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलाने आणलेल्या कार्डाची वॉरंटी पुष्कळदा त्या देशापुरतीच असते. मागवण्याआधी कंपनीच्या साइटवर हे वाचा. जुनं कार्ड घेताना तर दुप्पट काळजी घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. अशा कार्डाचं मूळ बिल मिळत नसेल तर ते घेऊ नये.

दावा करताना आधी कंपनीला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, ईमेल राहतो. ईमेलमध्ये रडगाणं नको, पाच ओळी पुरे: मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, बिघाड काय आणि तो कोणत्या परिस्थितीत किती मिनिटांनी दिसतो, आणि काय काय तपासून झालं. सोबत बिल, व्हिडिओ आणि वहीच्या पानांचे फोटो. उत्तरात मिळणारा तक्रार क्रमांक वहीत उतरवा.

कार्ड हातातून जाण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा. दात, कनेक्टर आणि सिरियल नंबर स्पष्ट दिसले पाहिजेत. जळाल्याचा डाग, तुटलेला भाग किंवा गंज दिसला की 'फिजिकल डॅमेज' म्हणून दावा नाकारला जातो. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने धातूवर लवकर गंज चढतो, तिथल्या लोकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. सर्व्हिस सेंटरवर जॉबशीट मिळते. तिच्यावर 'कार्ड सुस्थितीत, जळाल्याची खूण नाही' असं लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

भाचा पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला. सर्व्हिस सेंटरमध्ये तंत्रज्ञाने कार्ड लावलं, दहा मिनिटं चालवलं आणि सांगितलं, "काही फॉल्ट नाही." भाच्याने वही उघडून बाराव्या मिनिटाची नोंद दाखवली. तशा सहा नोंदी होत्या, सगळ्या अकरा ते चौदा मिनिटांमधल्या. "सर, कार्ड गरम झाल्याशिवाय चूक येत नाही. अर्धा तास लोडवर ठेवाल का?" तंत्रज्ञ भला माणूस होता. त्याने वही वाचली आणि चाचणी पुन्हा लावली. तेराव्या मिनिटाला जांभळे चौकोन उगवले. त्याने जॉबशीटवर लिहिलं, 'आर्टिफॅक्ट, मेमरी फॉल्ट, रिप्लेसमेंट'. एकोणीस दिवसांनी दुसरं कार्ड आलं.

बदली कार्ड घेताना दोन गोष्टी बघा. तेच मॉडेल संपलं असेल तर दिलेलं कार्ड ताकदीने आणि मेमरीने कमी नाही ना, आणि त्यावर वॉरंटी किती उरली. बहुधा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच पुढे चालतो. दोन्ही गोष्टी लेखी घ्या.

दार उघडलंच नाही तर

प्रत्येक तंत्रज्ञ वही वाचेलच असं नाही. कंपनी ऐकत नसेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. बिल न देणं ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दुकानात कितीही मोठ्या अक्षरांत असली तरी तिच्यामुळे सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

आयोगापुढेही विचारलं जाईल ते तेच: बिघाड केव्हा दिसला, कुणाला कळवलं, त्यांनी काय उत्तर दिलं. ज्याच्याकडे तारखा आहेत त्याची बाजू भक्कम असते. म्हणून या प्रकरणातून एकच सवय उचला. घरात कोणतीही महाग वस्तू आली, मग ते कार्ड असो, फ्रिज असो की पाण्याची मोटर, की त्याच दिवशी बिलाचा फोटो काढा आणि वहीचं एक पान तिच्या नावाने सोडा. त्या पानावर लिहायची वेळ कधी न येवो. आली, तर ते पान कोरं ठेवू नका.